बिल पूर्ण भरलं तरी...

‘दर महिन्याला बिल पूर्ण भरतो, व्याज शून्य, मग क्रेडिट कार्डामुळे खर्च वाढतो कुठे?’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो. व्याज वाचतं हे खरं, पण हात सैल सुटतो त्याचं काय?

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बंद बोली मागवल्या. काहींना सांगितलं, पैसे रोख द्यायचे, बाकीच्यांना, कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली सरासरी जवळपास दुप्पट निघाल्या! तिकिटं तीच.

माझं सांगते. मोठी खरेदी मी कार्डावरही दहादा विचार करूनच करते. गळती होते ती किरकोळीत. गेल्या महिन्याचं स्टेटमेंट घेऊन बसले, तर ४१ नोंदी. त्यातल्या सात-आठ कसल्या, काही केल्या आठवेना. पाकिटातली शेवटची मोठी नोट मोडताना जिवावर येतं, तसं मशीनला कार्ड टेकवताना कधीच होत नाही. (पॉइंटांच्या नादाने घेतलेली इस्त्री अजून खोक्यात आहे, तो विषय नको.)

आणि बिल थोडं जरी बाकी ठेवलं, तर बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदतच जाते; नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरून निर्धास्त झोपणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

हल्ली मी रोज रात्री कार्डाचे मेसेज बघून वहीत हाताने आकडे लिहिते. तीन दिवस लिहिलं की चौथ्या दिवशी हात आपसूक आखडतो, निदान माझा तरी.