मुराकामींची हसरी फुलं: चित्र की दुकानातला माल?

रंगवेडी: जपानी चित्रकार ताकाशी मुराकामींची हसरी फुलं किंवा तिथल्याच योशितोमो नारांच्या मोठ्या डोळ्यांच्या मुली पाहून 'ही तर कार्टून' म्हणणारे खूप भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. मुराकामी निहोंगा, म्हणजे पारंपरिक जपानी चित्रशैली शिकलेले; टोकियोत त्यातच त्यांनी डॉक्टरेट केली. २००० साली त्यांनी 'सुपरफ्लॅट' ही कल्पना मांडली. एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) छापचित्रांचा सपाटपणा आणि आजच्या ॲनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनपटांचा, सपाटपणा ही एकाच घरातली भावंडं आहेत, असं त्यांचं म्हणणं. सावली नाही, खोली नाही, आणि तेही पूर्ण विचारांती.

जुनीशाई: विचारांती, हे मान्य. पण कशासाठी? २००३ मध्ये त्यांच्याच रंगांनी लुई व्हितॉन या महागड्या फॅशन ब्रँडच्या बॅगा सजल्या. फूल कॅनव्हासवर, तेच फूल उशीवर. रंग भरायला स्टुडिओत सहायकांची फौज. खनिज रंग सरसात कालवून थरावर थर चढवायला शिकलेल्या माणसाने इथे येऊन थांबावं, याचं मला वाईट वाटतं.

रंगवेडी: एदो काळातल्या होकुसाईंची छापचित्रंही विकण्यासाठीच होती की! रेखाटणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, पैसा प्रकाशकाचा. त्यांना आपण माल म्हणत नाही.

जुनीशाई: ती सामान्य माणसाला परवडत होती. नारांचं 'नाइफ बिहाइंड बॅक' २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे अडीच कोटी डॉलरला गेलं. मात्र ते चित्र मला आवडतं, हेही सांगतो. चाकू दिसतच नाही, फक्त नावात आहे. नाव वाचलं की मुलीचा पाठीमागे गेलेला हात पुन्हा बघावाच लागतो. फुलांमध्ये असं काही लपलेलं मला सापडत नाही.

पाऊलवाट: मग 'फाइव्ह हंड्रेड अर्हत्स' पाहा. जपानमधल्या २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर मुराकामींनी केलेलं हे चित्र १०० मीटर लांब आहे. २०१२ मध्ये दोहात प्रथम मांडलं. रंग तेच भडक, चेहरे विचित्र, काही हसू आणणारे. पण हे अर्हत, म्हणजे बुद्धांचे मुक्ती मिळालेले शिष्य, दुःखात सापडलेल्यांचे सोबती. एवढ्या मोठ्या आपत्तीनंतर त्यांनी रंग फिके केले नाहीत, हेच मला फार मोठं वाटतं.

जुनीशाई: अर्हतांपुढे माझी हरकत नाही. पण उशीवरच्या फुलाला त्यांचं पुण्य का द्यायचं?

रंगवेडी: कारण हात एकच आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी जपानी पॉप संस्कृतीवर प्रदर्शन मांडलं, त्याचं नाव 'लिटल बॉय'. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं नाव. मला त्या फुलांचं हसू तेव्हापासून वेगळं दिसतं.