बोटं सुटी कशी होतात? सिग्नल एकमेकांशी बोलतात कसे?

प्रश्न (वसमत, बीएस्सी प्राणिशास्त्र): सोनिक हेजहॉग, एफजीएफ, बीएमपी हे सिग्नल (पेशी एकमेकींसाठी सोडतात ती प्रथिनं) पुस्तकात वेगवेगळे दिलेत. गर्भात तर सगळे एकाच वेळी चालतात ना?

उत्तर (अंबाजोगाई, निवृत्त शिक्षक): लेकरा, फार मोलाचं विचारलंस. कोंबडीचं अंडं उबवायला ठेवलं की तिसऱ्या दिवशी गर्भाच्या कडेला पंख-पायांचे बारीक उंचवटे दिसतात. उंचवट्याच्या टोकाच्या कडेतून एफजीएफ सुटतं, उंचवट्याच्या मागच्या, म्हणजे शेपटीकडच्या, बाजूच्या पेशी हेजहॉग सोडतात. हेजहॉगमुळे ग्रेमलिन नावाचं आणखी एक प्रथिन टिकतं, ग्रेमलिन बीएमपीला अडवतं. बीएमपी अडलं म्हणून एफजीएफ चालू राहतं, आणि एफजीएफ परत हेजहॉगला जगवतं. एक तोडला तर सगळेच ढासळतात! जॉन साँडर्स या संशोधकांनी १९४८ मध्ये कोंबडीच्या गर्भातली ती कडच काढून टाकली, तर पंखाचा पुढचा भाग तयारच झाला नाही. कड जितकी लवकर काढावी, तितका पंख आखूड.

जालना: सर, आमच्या शेततळ्यावर बदकं आहेत. त्यांच्या बोटांत पडदा का राहतो?

अंबाजोगाई: कोंबडीत दोन बोटांच्या मधल्या जागेतल्या पेशी बीएमपीच्या इशाऱ्यावर मरतात. बदकाच्या पायात नेमकं तिथंच ग्रेमलिन असतं, म्हणून त्या जगतात. हे मला आजही विलक्षण वाटतं.

वसमत: मग चक्र थांबतं कसं?

अंबाजोगाई: हेजहॉग सोडणाऱ्या पेशींच्या वंशजांत ग्रेमलिन बनत नाही. त्या वाढत गेल्या की हेजहॉगचा उगम ग्रेमलिन बनवणाऱ्या पेशींच्या पट्ट्यापासून दूर पडतो. मग ग्रेमलिन आटतं, बीएमपी मोकळं होतं, एफजीएफ बंद पडतं.