प्रश्न केवळ इच्छाशक्तीचा नाही
व्यसन म्हणजे निव्वळ इच्छाशक्तीचा अभाव, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला पटत नाही. वारंवार सेवनाने मेंदूतील डोपामीनची, म्हणजे सुख आणि ओढ यांच्याशी निगडित रसायनाची, यंत्रणा बदलते, हे खरे. परंतु व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी बहुतेकांचे व्यसन मायदेशी परतल्यावर सुटले, असे अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांना १९७०च्या दशकातील पाहणीत आढळले, म्हणजे परिस्थितीचा वाटाही मोठाच असतो. म्हणून हेरॉइनच्या व्यसनात मेथाडोनसारखे, हेरॉइनऐवजी वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाणारे औषध तलफ आवरत असताना समुपदेशनाचीही जोड हवी. असे औषध म्हणजे ‘दुसरे व्यसनच’, हा गैरसमज तर जिवावर बेततो, कारण त्यापायी उपचार मध्येच सोडल्यास शरीराची हेरॉइन सोसण्याची क्षमता घटलेली असते आणि हेरॉइनची पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते.