विषय: नातीच्या अपिलाला बेळगावहून पत्र

टिळकवाडी, बेळगावहून:

मंडळाच्या सर्वांना नमस्कार. मुलगा-सून ब्रिटनमध्ये असतात, त्यांचा तिथं राहण्याचा अर्ज नामंजूर झालाय. नात तिथंच जन्मली, आता आठ वर्षांची आहे. नकाराच्या पत्रात म्हटलंय, मुलीला मराठी येतं, आजी-आजोबा बेळगावात आहेत, तर सगळ्यांनी परत जावं. अपील दाखल झालंय. वकील आमचं पत्र मागताहेत. ती आली तर आम्हाला आनंदच होईल. मग येऊ नये असं कसं लिहायचं?

मूळचा निपाणीचा, ब्रिटनच्या इमिग्रेशनच्या कामात:

काका, तसं लिहूच नका. माया लपवलीत तर पत्र खोटं वाटेल. तुमचं घर चांगलं की वाईट, हा तिथला प्रश्नच नाही.

ब्रिटनच्या २००९ च्या सीमा, नागरिकत्व व इमिग्रेशन कायद्याच्या कलम ५५ नुसार सरकारला मुलांचं हित पाहावंच लागतं. २०११ मध्ये झेडएच (टांझानिया) खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा विचार आधी व्हायला हवा आणि आईवडिलांच्या चुकांचा दोष मुलांवर येऊ नये. तरी दुसरी कारणं जड ठरू शकतात. नातीची तिथं सलग सात वर्षं झाली आहेत, ही तिची जमेची बाजू. तिनं देश सोडावा ही अपेक्षा वाजवी नसेल, तर आईवडिलांना घालवण्यात जनहित नाही, असं २०१४ पासून कायद्यातच आहे. पण २०१८ च्या केओ (नायजेरिया) निकालानंतर विचारतात: आईवडिलांना जावं लागणार असेल, तर तिनं सोबत जाणं वाजवी का?

म्हणून बेळगावचं खरं चित्र कागदावर यायला हवं. ‘मराठी येतं’ एवढ्यानं भागत नाही. नात बोलते, पण वाचते का? कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. पहिलीपासून शिकलेल्या मुलांत ती एकदम बसणार. तिच्या शाळेचं, मैत्रिणींचं, तिला काय आवडतं त्याचं लिहा. तिथल्या वर्गशिक्षिकेचंही पत्र घ्या. तिला मात्र पढवू नका, पढवलेलं कळतं आणि त्याचा भार तिच्याच मनावर येतो.

सीमाप्रश्न पत्रात नको. आपल्या तो जिव्हाळ्याचा, पण तिथं मुलीवरचं लक्ष उडेल.

टिळकवाडीहून:

काल व्हिडिओ कॉलवर तिला मराठी पुस्तक दाखवलं. स्वतःचं नाव सोडून काही वाचता आलं नाही. जवळच्या शाळेतल्या कन्नडच्या बाई मधल्या वर्गात आलेल्या मुलाला काय अडतं ते लिहून द्यायला तयार आहेत. हिच्या गुडघ्यांचं लिहू का? मुलीला शाळेत नेणं-आणणं हिला झेपणार नाही.

निपाणीकर:

लिहा काका, आहे तेवढंच, आणि डॉक्टरांचा कागद जोडा. पण पत्रात जास्त जागा नातीलाच द्या. पाठवण्याआधी एकदा वकिलांना दाखवा.