'थोरलं घर' ग्रुप: उशीचा विषय

शनिवार सकाळ

थोरली काकू: ती मेमरी फोमची उंचसखल उशी कोणाला हवी असेल तर आजच्या आज घेऊन जा. नाहीतर माळ्यावर टाकते. यांची मान धरलेली ती सुटत नाही, आणि ते श्वासाचं मशीन परत कपाटात गेलंय. रात्रभर घोरणं, मध्येच श्वास बंद, मग एकदम दचकून उठणं. मी जागी.

मीनलवहिनी: आई, ती उशी मी बाबांना वाढदिवसाला दिली होती.

थोरली काकू: हो गं, माहितीये. तुला काही म्हणाले का मी? उशीला म्हणाले.

मीनलवहिनी: बरं 🙏

आत्या: मी मागेही सांगितलं होतं. उशीच काढून टाका. दादाने सपाट झोपावं. मी इतकी वर्षं बिनउशीची झोपते, मान एकदाही दुखली नाही.

धाकटे काका: ताई, तुझी मान कोणापुढे वाकलीच नाही कधी, दुखेल कशी 😄

थोरले काका: मला काही झालेलं नाही. जरा अवघडली आहे मान. घरातली गोष्ट ग्रुपवर आणायची काय गरज होती?

थोरली काकू: घरात सांगून ऐकलं असतंत तर आणली नसती.

नंदूदादा: आई, मशीन का बंद केलं पण? मागच्या महिन्यात तर नीट चाललं होतं.

थोरली काकू: मास्कमधून हवा सुटते. रात्रभर फुस्स फुस्स. त्यापेक्षा घोरणं परवडलं.

थोरले काका: आणि ही सगळी नवी फॅडं आहेत. आमच्या वडिलांच्या वेळी कोण नाकाला नळी लावून झोपत होतं?

सईताई: मामा, नवं नाही ते. ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास थांबण्यावर सीपॅप, म्हणजे हेच मशीन, वापरल्याचं १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, मशीन हवेच्या दाबाने ती उघडी ठेवतं. आणि आजोबा कसे घोरायचे ते माझ्या आईला विचारा.

आत्या: बाबांचं मध्ये आणू नकोस. ते उशी घेत नसत.

धाकटे काका: घेत होते. दोन.

आत्या: नव्हते घेत.

धाकटी काकू: अहो, पुरे. सई, खरंच विचारते, अशा माणसाला कोणती उशी चांगली? बाजारात शंभर प्रकार आहेत आणि सगळ्यांवर 'मानेसाठी' असंच लिहिलेलं असतं.

मीनलवहिनी: मी वाचूनच घेतली होती. नासाने शोधलेला फोम आहे तो.

सईताई: मीनल, बरोबर आहे. १९६६ चा आहे. पण तो विमानातल्या आसनांसाठी बनवला होता, मामांच्या मानेसाठी नाही 😅 फोम वाईट नसतो. गरम होतो, धुता येत नाही, थंडीत घट्ट होतो, एवढंच. अडचण उंचीची आहे. मामा, तुम्ही त्या उशीखाली आणखी काही घेता का?

थोरले काका: जुनी उशी घेतो. डोकं उंच असलं की श्वास बरा चालतो असं डॉक्टरच म्हणाले होते.

सईताई: डोकं नाही मामा, पलंगाची डोक्याकडची बाजू. फरक आहे. दोन उशांवर नुसतं डोकं चढवलं की हनुवटी छातीला टेकते. मग घसा दुमडतो, हवेची वाट आणखी अरुंद होते, आणि मान रात्रभर पुढे वाकलेली राहते. घोरणंही वाढतं, मानही धरते. उंची हवी तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे लावा, म्हणजे पायांपासून डोक्यापर्यंत सगळं अंग तिरपं होतं.

आत्या: म्हणजे उशी नकोच. मी हेच म्हणत होते.

सईताई: आई, नाही.

धाकटे काका: आपल्या फिजिओ मुलीने जाहीर खंडन केलं. नोंद घ्यावी.

सईताई: नंदू, मामांच्या स्लीप टेस्टचा रिपोर्ट आहे ना तुझ्याकडे? पहिलं पान नको, दुसरं पाठव. वेगवेगळ्या कुशीवरचे आकडे असतात ते.

नंदूदादा: बघतो. आम्हाला फक्त 'ताशी २६' सांगितलं होतं.

थोरली काकू: २६ म्हणजे काय ते मला अजून कोणी समजावलेलं नाही. सगळे नुसते मान हलवतात.

सईताई: मामी, तासाला सरासरी २६ वेळा श्वास थांबला किंवा बराच कमी झाला, प्रत्येक वेळी निदान १० सेकंद. ५ च्या खाली असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० पासून पुढे तीव्र.

थोरली काकू: आणि हे म्हणतात काही झालेलं नाही.

*थोरले काका यांनी मेसेज डिलीट केला.*

धाकटे काका: दादा, वाचला मी. असं बोलू नये 😂

शनिवार दुपार

नंदूदादा: सापडलं. पाठीवर झोपल्यावर ताशी ४१. कुशीवर १२.

सईताई: बघा! तीन पटींहून जास्त फरक. पाठीवरचा आकडा कुशीवरच्या दुप्पट किंवा जास्त असला की त्याला पोझिशनल, म्हणजे झोपायच्या स्थितीवर अवलंबून असलेला त्रास म्हणतात. उशी कोणती, याचं उत्तर या पानावरच होतं. कुशीवर टिकता येईल अशी.

आत्या: कुशीवर झोपायला उशी लागत नाही. हात घ्यावा डोक्याखाली.

सईताई: आणि सकाळी बधिर हात घेऊन माझ्याकडे यावं. आई, कुशीवर तर उशी जास्तच लागते. खांद्यामुळे मान आणि गादी यांच्यात जी पोकळी राहते तेवढी ती भरायला हवी. कमी पडली तर डोकं खाली लोंबतं, जास्त झाली तर वर उचललं जातं. मामी, टेप घ्या. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत किती?

थोरली काकू: हे मोजू देत नाहीत.

थोरली काकू: मोजलं. १६ सेंटिमीटर.

सईताई: गादी मऊ आहे ना तुमची? मग खांदा आत रुततो, तेवढं वजा करायचं. साधारण ११-१२ धरा, पण ती दाबल्यावरची उंची. दुकानात फुगलेली दिसते ती नाही.

धाकटी काकू: हे आता प्रत्येकाने मोजून घ्यायचं म्हणजे अवघडच की.

सईताई: मोजमाप अंदाजापुरतं. खरी परीक्षा फोटोत. कुशीवर झोपवून पाठीमागून फोटो काढा. डोक्याचा मध्य आणि पाठीचा कणा एका रेषेत दिसला पाहिजे. आणि आत्ताच काही विकत घेऊ नका! घरातले टॉवेल सपाट घडी करून एकावर एक ठेवा, एक एक काढत-घालत उंची जमवा. काही रात्री त्यावर बरं वाटलं की मग तेवढ्या उंचीची उशी घ्या. आतलं भरण काढता-घालता येईल अशी मिळाली तर उत्तम. लेटेक्सचे तुकडे असोत नाहीतर कापूस, मला भरणाचं एवढं वाटत नाही. लोक फोम की लेटेक्स यावर भांडतात आणि उंची कोणी बघत नाही.

मीनलवहिनी: म्हणजे माझी उशी चुकीची नव्हती. तिच्याखाली दुसरी ठेवली म्हणून त्रास झाला.

सईताई: तिचा मधला खड्डा पाठीवर झोपणाऱ्यासाठी असतो गं. त्यात डोकं बसलं की माणूस उताणाच राहतो. मामांना नेमकं तेच नको.

मीनलवहिनी: ठीक आहे. पुढच्या वेळी सगळ्यांना विचारूनच भेटवस्तू घेईन.

नंदूदादा: मीनल, प्लीज.

थोरली काकू: अगं, तू प्रेमाने दिलीस ते यांनाही माहितीये. रागावू नकोस.

धाकटे काका: ती उशी मला पाठवा. मी उताणाच झोपतो, आणि घोरलो तरी आमच्याकडे तक्रार करणारं कोणी नाही.

धाकटी काकू: कोणी सांगितलं नाही म्हणून?

आत्या: आमच्यात कोणाला उशीचा त्रास नव्हता. उशी काढून टाका, आठ दिवसांत फरक पडेल.

सईताई: मामा, मशीनचं पण बोलू. हवा कधी सुटते? कुशीवर वळलात की ना?

थोरले काका: हो. वळलं की मास्क सरकतो.

सईताई: सरकत नाही, उशी ढकलते. उंच, रुंद उशीत गाल रुतला की मास्कची कड वर उचलली जाते आणि हवा निसटते. म्हणून तुम्ही पाठीवर, पाठीवर म्हणून जास्त घोरणं, आणि मग मशीन कपाटात. सीपॅपसाठी दोन्ही बाजूंना कापलेल्या उशा मिळतात. ती नसेल तर साध्या उशीच्या काठाशी झोपायचं, मास्क उशीच्या बाहेर हवेत राहील असं. नळी डोक्यावरून मागे न्यायची, अंगाखाली येऊ द्यायची नाही. तरीही सुटली तर मास्कचं माप तपासून घ्या. पट्टे आवळू नका, कड आणखी वाकडी होते.

थोरले काका: हे मशीन देणाऱ्याने का नाही सांगितलं?

थोरली काकू: तुम्ही फोन तरी केला होतात का त्यांना.

नंदूदादा: नुसती उशी बदलून १२ वरच थांबलं तर मशीन बंद करता येईल का?

सईताई: नाही. १२ म्हणजे सुटका नाही, आणि रात्रभर कुशीवरच राहील याची हमी कोण देणार? उशी मानेसाठी आणि मास्कसाठी. श्वासासाठी मशीन. ते कमी-जास्त करायचं ते डॉक्टर ठरवतील. मामा, अजून एक. बोटांना मुंग्या येतात का? हातातून वस्तू निसटते?

थोरले काका: मुंग्या कधीतरी. डाव्या हाताला.

थोरली काकू: हे मला आज कळतंय!!

सईताई: मग उशीची वाट बघू नका, या आठवड्यात मान दाखवून या. पकड सैल पडली किंवा चालताना तोल जायला लागला तर त्याच दिवशी. आणि दिवसा डुलकी येत असेल तर गाडी चालवायची नाही.

नंदूदादा: बाबा, किल्ली आईकडे द्या.

थोरले काका: हे आता अती होतंय.

*धाकटे काका यांनी विनोदी व्हिडिओ पाठवला.*

धाकटी काकू: अहो, हा विषय चालू असताना?

शनिवार रात्र

धाकटी काकू: सई, एक विचारू? आमच्याकडेही श्वास थांबतो. मी हात लावून बघते. ग्रुपवर बोलणार नव्हते.

धाकटे काका: मग बोललीस कशाला?

सईताई: मामी, बरं केलंत. स्टॉप-बँग म्हणून आठ प्रश्न असतात. जोरात घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहणं, बीपी, वजन, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. तीन 'हो' आले की तपासणीचा विचार करायचा, पाच आले तर टाळायचीच नाही.

धाकटे काका: पुरुष असण्याचा पण गुण? हा अन्याय आहे 😄

धाकटी काकू: गळा ४२. बीपीची गोळी चालू आहे. वय सगळ्यांना माहितीये.

थोरले काका: पुरुष धरून सहा झाले. मास्क माझ्याकडे जास्तीचा आहे, बघ.

सईताई: मामा, मास्क दुसऱ्याचा वापरायचा नाही!

थोरली काकू: हे हसले. आज पहिल्यांदा.

आत्या: दोघांनीही उशी सोडली असती तर ही वेळ आली नसती.

सईताई: आई, मी फोन करते तुला.

रविवार सकाळ

नंदूदादा: आई, रात्र कशी गेली?

थोरली काकू: तीन टॉवेल ठेवले, एक काढला. छातीशी लोड दिला कवटाळायला, म्हणजे वरचा खांदा पुढे कलंडत नाही असं सईने सांगितलं होतं. मशीन पहाटेपर्यंत लावलं, मग उताणे झाले आणि काढून ठेवलं. हवा मात्र सुटली नाही. मान अजून दुखते म्हणतात. मंगळवारची वेळ घेतली आहे.

थोरले काका: टॉवेल टोचतात.

मीनलवहिनी: आई, ती उशी धाकट्या काकांकडे पाठवू नका हं. त्यांनाही पाठीवर झोपायचं नाहीये आता. मी येऊन घेऊन जाते.

धाकटे काका: माझी टेस्ट अजून झालेली नाही!

धाकटी काकू: गुरुवारी आहे.