सुखोथाई सहल : बस शुक्रवारी रात्री की शनिवारी पहाटे?

सहलप्रमुख, गुरुवार सकाळ
मंडळी, बसवाल्याला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ कळवायची आहे. ३८ नावं पक्की. बस शनिवारी पहाटे साडेपाचला बँकॉकमधल्या ओन नुतहून सुटेल. बांग नाला थांबा नाही, कांचनाबुरीच्या वेळी दोन थांब्यांत किती वेळ गेला ते आठवा. सुखोथाई, थायलंडची जुनी राजधानी, इथून सव्वाचारशे किलोमीटर आहे, तेव्हा जेवणासकट दुपारी दीड होईल. मग थेट वाट सी चुम (‘वाट’ म्हणजे देऊळ), बुद्धाची मोठी मूर्ती. रविवारी सकाळी वाट महाथाट आणि अकराला परत. हरकत असेल तर आजच सांगा.

बांग नाचे काका
थांब्याचं जाऊ दे, ओन नुतला येतो. हरकत दुसरी आहे. सी चुम दुपारी ठेवू नकोस. मूर्ती पूर्वेकडे तोंड करून बसली आहे. मंडपाचं छप्पर कधीच गेलं, उरल्या त्या पंधरा मीटर उंच आणि तीन मीटर जाड भिंती, आणि समोर एकच उभी चीर. सकाळचं ऊन त्या चिरेतून आत येतं आणि लांबूनच मूर्तीचा चेहरा उजळलेला दिसतो. तीन वाजता सूर्य तिच्या पाठीशी जातो. ३८ माणसं एवढ्या लांब न्यायची आणि चेहरा सावलीत दाखवायचा, हे मला पटत नाही. शुक्रवारी रात्री दहाला निघू, पहाटे पोचू, आंघोळी उरकून थेट दर्शन.

खजिनदार
काका, पहाटे पाचला हॉटेल खोली देत नाही. म्हणजे शुक्रवारची रात्रही धरावी लागेल, शिवाय रात्रीचा दुसरा चालक. वर्गणी ठरली आहे आणि २६ जणांनी भरलीही आहे. आता पुन्हा मागायची तर मी मागणार नाही. बसचे व्यवहार या वर्षी सहल समितीकडे आहेत, तिकडूनच बदल येऊ दे.

डॉक्टरताई
पैशांचं तुम्ही बघा. नऊ जण सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यातले सहा जण भारतातून मुलांकडे आलेले आई-बाबा. रात्रभर पाय खाली सोडून बसले की सकाळी घोट्यांना सूज येते. माझ्या सासूबाईंना मागच्या वर्षी चप्पल चढेना. रात्रीच्या बसला माझा विरोध आहे. आणि कुणीतरी वाट सफान हिनचं नाव काढलं होतं. ते टेकडीवर आहे, चढायला ओबडधोबड दगडी फरशा. वर साडेबारा मीटरची उभी बुद्धमूर्ती आहे, सुंदर आहे, पण ज्येष्ठांना तिथे नेऊ नका.

ओन नुतच्या काकू
बसमध्ये तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लसणाशिवायची चटणी माझ्याकडे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तिथे पिवळा झेंडा बघायचा, त्यावर लाल अक्षरात ‘जे’, म्हणजे कडक शाकाहारी, असं लिहिलेलं असतं. त्या जेवणात कांदा-लसूणही चालत नाही, दूध-दहीही नाही. सुखोथाईच्या शेवयांत डुकराचं मांस असतं, नुसत्या दाण्याच्या कुटावर आणि शेंगांवर जाऊ नका.

रामखम्हेंग रोडहून
काकांच्या सकाळबद्दल लिहितो. दोन वर्षांपूर्वी बाबांना घेऊन गेलो होतो. आत शिरलं की पंधरा मीटरची मूर्ती एकदम अंगावर येते, मागे सरकायला जागाच नाही. उजवा हात गुडघ्यावरून खाली आलेला, भूमिस्पर्श मुद्रा. लांबसडक बोटं आपल्या हाताला लागतात इतकी खाली, आणि लोकांनी लावलेल्या सोन्याच्या वर्खाने मढलेली. एक आजी कागदातून वर्ख सोडवत होत्या. वाऱ्याने त्याचा कोपरा उडाला तो बाबांच्या अंगठ्याला चिकटला. बाबांनी संध्याकाळपर्यंत हात धुतला नाही. पुढच्या मार्चमध्ये ते गेले. मला ती सकाळ पुन्हा हवी आहे, पण ताईंचं म्हणणंही खरं आहे.

शाळेच्या ताई (रविवार वर्ग)
मुलांना भिंतीतल्या जिन्याचं कबूल करू नका, तो बंद आहे. आत छताला जातककथा कोरलेल्या शिळा आहेत. वर्गात मी अजिंठ्याची चित्रं दाखवून त्याच गोष्टी सांगेन. राजा नरेसुआनने सैन्याला धीर यावा म्हणून त्या जिन्यात माणूस लपवून मूर्तीला बोलायला लावलं, ही आख्यायिका मुलांना फार आवडते. नावही सांगा : ‘फ्रा अचन’, म्हणजे आपला अचल. राजा रामखम्हेंगच्या १२९२ च्या शिलालेखातला उल्लेख याच मूर्तीचा मानतात. सुखोथाई म्हणजे सुखोदय.

बांग नाचे काका
शिलालेखाची मूळ शिळा इथे बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, एकदा वर्ग तिकडे न्या. पुढच्या वर्षी सहल लॉय क्राथोंगला ठेवा, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. तिथेही पाण्यात दिवे सोडतात.

खजिनदार
त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत. म्हणून तर यंदा नंतरची तारीख घेतली. समितीच्या बैठकीत यावर बोलणं झालं होतं.

सहलप्रमुख, गुरुवार रात्र
बस शनिवारी पहाटे साडेपाचलाच. फक्त दिवस उलटे करते : शनिवारी दुपारी वाट महाथाट, तिथे ज्येष्ठांसाठी विजेची गाडी मिळते. सी चुम रविवारी सकाळी. हॉटेल नव्या गावात आहे, जुनं शहर तिथून १२ किलोमीटर, म्हणून साडेसहाला बस दारात हवी. सी चुम जुन्या शहराच्या उत्तर भागात येतं, त्याचं तिकीट वेगळं, ते मी काढते. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. काका, हे चालेल ना?

बांग नाचे काका
चालेल. फक्त तिथे अर्धा तास दे. पोचल्या पोचल्या सगळ्यांचा फोटो नको, आणि मूर्तीकडे पाठ करून तर नकोच. आधी बसू दे सगळ्यांना.

डॉक्टरताई
घडीच्या चार खुर्च्या माझ्या गाडीतून ओन नुतला आणते. कुणीतरी बसमध्ये चढवा.