मदत हवी आहे: प्लेटवर जोरदार दिसणारा जिवाणू कुंडीत गप्प का?

नमस्कार. टोमॅटो आणि वांग्याच्या मुळांभोवतीच्या मातीतले उपयोगी जिवाणू शोधते आहे. मुळं हलकेच झटकल्यावरही जी माती चिकटून राहिली तेवढीच घेतली, पाण्यात टप्प्याटप्प्याने पातळ केली आणि पिकोव्हस्काया माध्यमावर (स्फुरद विरघळवणारे जिवाणू ओळखायच्या खाद्यावर) पसरली. पाचव्या दिवशी सात वसाहतींभोवती स्वच्छ वलय आलं, म्हणजे तिथला ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (सहजी न विरघळणारा स्फुरद) विरघळला. तो क्षण मी विसरणार नाही.

सर्वात मोठं वलय ट-३ चं, म्हणजे टोमॅटोकडच्या एका जिवाणूचं. तो टोमॅटोच्या बियांना लावला, ३५ दिवसांनी रोपं उपटून मुळं धुतली, वाळवली, वजन केलं. नुसतं पाणी दिलेल्या रोपांपेक्षा काहीच फरक नाही! उलट वांग्याकडच्या, छोट्या वलयाच्या व-१ ने मुळं झुपकेदार झाल्यासारखी वाटतात, पण प्रत्येकी चारच कुंड्या होत्या. व-१ ट्रिप्टोफॅन दिल्यावर साल्कोव्स्की चाचणीत गुलाबी होतो (म्हणजे मुळं वाढवणारं संप्रेरक बनवत असावा) आणि किंग्ज बी या दुसऱ्या माध्यमावर अतिनील दिव्याखाली हिरवट चमकतो. ट-३ सोडून द्यावा का? आणि पुढची चाचणी कशी लावू?

प्रतिसाद:
ट-३ एवढ्यात सोडू नका, पण वलयाच्या आकारावरून निवडही करू नका. पिकोव्हस्कायात लिटरला १० ग्रॅम ग्लुकोज असतं. एवढ्या साखरेवर जिवाणू भरपूर आम्ल सोडतो. मातीत त्याला एवढी साखर कोण देणार? त्यात माती चुनखडीयुक्त असेल तर सुटलेलं आम्लही तिथेच मारलं जातं. शिवाय मातीत स्फुरद आधीच पुरेसा असेल तर झाडाला फरक जाणवायचं कारणच नाही. आधी माती तपासा.

तुमची तुलनाही थोडी चुकली आहे. जिवाणूच्या कल्चरसोबत (वाढवलेल्या द्रावणासोबत) माध्यमातली अन्नद्रव्यंही कुंडीत जातात, म्हणून नुसत्या पाण्याऐवजी उष्णतेने मारलेलं तेच कल्चर द्या. कुंड्या किमान दहा-दहा ठेवा आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटी मुळांवरून जिवाणू परत वेगळा करून पाहा. तो तिथे टिकलाच नसेल तर दोष त्याच्या स्फुरद विरघळवण्याचा नाही.

व-१ बद्दल मात्र सावध राहा. हिरवट चमक म्हणजे मातीतला उपयोगी स्यूडोमोनास फ्लुरोसेन्सच असेल असं नाही, त्याचा भाऊबंद स्यूडोमोनास एरुजिनोसाही चमकतो आणि तो माणसाला संसर्ग करू शकतो. ४२ अंशांवर वाढवून पाहा: एरुजिनोसा वाढतो, फ्लुरोसेन्स वाढत नाही. १६एस या जिवाणू ओळखायच्या जनुकाच्या क्रमवाचनाने खात्री आणखी वाढेल. तोवर हातमोजे घाला आणि कच्च्या खायच्या भाजीला तो लावू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. मारलेल्या कल्चरचा विचारच केला नव्हता. ४२ अंशांची प्लेट आज संध्याकाळी ठेवते. एक शंका उरली: मारलेलं कल्चर देताना माध्यम आधी धुऊन काढून, फक्त पेशी पाण्यात मिसळून दिल्या तर जास्त बरं होईल का?